जीपची उंची वाढवून मिळेल

मुंबईतल्या दिंडोशीत जमिनीवर राहिलंय असं आता फारसं काही उरलेलं नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये मेट्रो-७ सुरू झाली आणि हायवेच्या डोक्यावर दिंडोशी नावाचं स्टेशन आलं. चाळींचे टॉवर झाले, झोपड्यांच्या जागी एसआरएच्या पुनर्वसन इमारती झाल्या. कोर्टासमोरून फिल्म सिटीकडे उड्डाणपूल निघालाय. घरांचे भाव तर कुणी हात न लावताच वर गेले. मग आपली जीपच तेवढी खाली का राहावी, असं आमच्या इमारतीतल्या जीपवाल्या काकांच्या मनात आलं, तर त्यात काकांचा दोष थोडा आणि वस्तीचा जास्त आहे.

काकांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. बाकी सगळीकडे ते जीपवाले काका. जीप १९९४ची, महिंद्राची एमएम ५४०, पुजोचं डिझेल इंजिन, फोर-बाय-फोर. सुरू होते तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काचा थरथरतात आणि बंद होते तेव्हा सोसायटीत कुणीतरी मोठ्याने 'हुश्श' म्हणतं. हॉर्न सोडून सगळं वाजतं हा जुना विनोद काकांसमोर करायचा नाही. तिचा हॉर्नही वाजतो.

दिंडोशीत जीप बाळगणं म्हणजे तिला माहेराशेजारीच ठेवणं. पलीकडे कांदिवलीला आकुर्ली रोडवर महिंद्राचा कारखाना. घराण्याचा इतिहास काका लिफ्टमध्ये भेटले तर तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सांगून संपवतात. १९४५ साली कंपनी निघाली ती 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने. १९४७मध्ये माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ साली इथल्या कंपनीने पाटी बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' केली. चौथा मजला आला. पाचव्यावर राहणाऱ्यांना वर सीजे-३बी मॉडेलही ऐकावं लागतं. १९५३मध्ये विलीजने नवं इंजिन काढलं, ते जुन्यापेक्षा उंच निघालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा इंजिन बुटकं करण्याऐवजी कंपनीने बॉनेटच वर उचललं. "म्हणजे जीप उंच करायची परंपरा मूळ कंपनीचीच आहे," असा यातून काका निष्कर्ष काढतात. लिफ्टमधल्या माणसाचा मजला निघून गेलेला असतो.

उंची वाढवण्याची कारणं काकांनी वेळोवेळी वेगवेगळी दिली. स्पीडब्रेकर हे पहिलं. आमच्याकडे दोन स्पीडब्रेकरांच्या मध्ये जो पट्टा उरतो त्याला रस्ता म्हणतात, तेव्हा हे कारण कुणालाही पटेल. दुसरं कारण पाऊस. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, सबवे भरले, मोटारी तरंगल्या आणि काकांची जीप मात्र पाण्यातून लोकांना घेऊन घरी आली. तिच्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हवा ओढायचं तोंड कोरडं राहिलं की ते चालत राहतं. ही हकिगत खरी आहे. तिच्यात एकच अडचण आहे आणि ती काकू दर वेळी काढतात. "तेव्हा कुठे उंच केली होती?"

खरं कारण तिसरंच. नाशिकला बनणारी नवी थार २०२०मध्ये आली आणि बघता बघता आमच्या भागात तिचं पीक आलं. ओबेरॉय मॉलच्या सिग्नलला काकांच्या बाजूला एक थार येऊन उभी राहते. आत पंचविशीतला मुलगा, एसी, गाणी, आणि त्याची नजर वरून खाली. तीस वर्षं रिक्षावाल्यांकडे वरून पाहिलेल्या माणसाला कुणी वरून पाहिलं की काय होतं, हे मला काकांच्या चेहऱ्यावरून कळलं. घरी आल्या आल्या त्यांनी टेप काढली.

आता उंची वाढवायची म्हणजे नेमकं काय करायचं? या जीपला चारही चाकांशी पाट्यांच्या कमानी आहेत. पाटे अॅक्सलच्या खालून जातात, यू-बोल्टने आवळलेले असतात, एक टोक चासीला खिळलेलं आणि दुसरं शॅकलवर झुलतं. अशी गाडी वर न्यायचे रस्ते तीन. एक, शॅकल लांब करायची. दोन, पाट्यांना जास्त कमान द्यायची. तीन, पाटे अॅक्सलच्या खालून काढून वरून घालायचे. तिसऱ्यात गाडी एका झटक्यात चार-पाच इंच वर जाते आणि तिच्याबरोबर मालकाचा रक्तदाबही, म्हणून तो शूरांनी करायचा.

हायवेच्या कडेच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने आधी स्वस्तातला पहिला रस्ता दाखवला. दोन इंच लांब शॅकल.

"म्हणजे गाडी दोन इंच वर?"

"नहीं काका, एक इंच."

"आणि दुसरा?"

दुसरा मध्येच जिरतो. पाट्याचं एक टोक जागचं हलत नाही, उचल फक्त दुसऱ्या टोकाला, आणि अॅक्सल बसलेला मधोमध. त्याच्यापर्यंत पोचता पोचता दोनाचा एक होतो. हे सरकारी अनुदानाबद्दल काकांनी ऐकलेलं होतं. लोखंडही तसंच वागतं हे त्यांना नवीन होतं.

मग पाटेवाला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडची ही दुनिया ज्याने पाहिली नाही त्याने मुंबई पाहिली असं मी मानत नाही. तिथे गाडीचा कुठलाही भाग मिळतो, कधी कधी तुमच्याच गाडीचा. पाटेवाल्याने जीपच्या मागे उभं राहून एक डोळा मिटला आणि म्हणाला, "बैठ गयी है." तीस वर्षांत पाटे बसतात. पोलाद थकतं, कमान सपाट होत जाते, आणि गाडी कंपनीतून निघाली त्याहून इंच-दीड इंच खाली आलेली असते. मालकाला कळत नाही, कारण तोही तेवढाच खाली आलेला असतो. तापवून, ठोकून, पाणी देऊन हेच पाटे पुन्हा उभे करता येतात, पण पाणी नीट बसलं नाही तर दिवाळीला उभी केलेली कमान होळीला आडवी. शिवाय काकांना कंपनीच्या मूळ पाट्यांवर हातोडा पडलेला बघवेना. म्हणून नवा सेट ठरला. कमान जास्त आणि एक पाटा जादा. जुने पाटे गोणपाटात गुंडाळून घरी आले आणि दिवाणाखाली गेले. दिवाणाखाली आधीपासून असलेल्या गाद्या सोफ्यावर आल्या. सोफ्यावर बसणारे खुर्चीवर आले.

जीप पहिल्यांदा नव्या पाट्यांवर उभी राहिली तेव्हा देखणी दिसली, हे नाकारण्यात अर्थ नाही. छाती पुढे, पोट वर, दोन्ही दिवे थारच्या नजरेला नजर देणारे. काकांनी मला खाली बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिलो. मग ते आत बसले आणि गेटबाहेरच्या पहिल्या स्पीडब्रेकरवरून जीप चारही पाय उचलून गेली. जादा पाटा म्हणजे जादा कडकपणा. भार असला तर पाटा वाकणार. रिकाम्या गाडीत वाकण्यासारखं होतं कोण? एकटे काका. ते पासष्ट किलो. मिस्त्रीने उपाय सांगितला, मागे वाळूच्या दोन गोण्या टाका. टाकल्या. गाडी मऊ चालू लागली आणि मागून अर्धा इंच खाली आली.

इथून पुढे ती साखळी सुरू झाली, जिची कल्पना टेप काढणाऱ्या माणसाला कधीच नसते. अॅक्सल चासीपासून लांब गेला, म्हणून ब्रेकचे होज तोकडे पडले, नवे लांब घातले. शॉकअप पुरते ताणले गेले, तेही बदलले. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला आणि क्रॉसमधून कूं-कूं आवाज येऊ लागला, तेव्हा मिस्त्रीने अॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये पाचर घालून कोन सुधारला. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक तिरकी झाली, म्हणून गाडी सरळ चालली असता चाक वाकडं दिसू लागलं. काका कित्येक दिवस वाकडं चाक धरून सरळ गाडी चालवत होते आणि बघणाऱ्याला वाटायचं, यांना फिल्म सिटीकडे वळायचंय. त्यातच पुढच्या चाकांचा कल, म्हणजे कॅस्टर, बिघडला आणि साठच्या वेगाला स्टिअरिंग थडथडायला लागलं. असं थडथडतं की हातातलं घड्याळ पुढे जावं.

"साठला हलते रे."

मिस्त्रीने हायवेकडे पाहिलं. सकाळचे साडेदहा वाजले होते, गाड्या बम्परला बम्पर लावून उभ्या होत्या. "काका, इधर साठ मिलता किधर है?"

एवढं सगळं झाल्यावर काकांनी एका रविवारी जीपखाली आडवं होऊन पुन्हा टेप लावली. या मापाबद्दल मला फार लिहावंसं वाटतं, कारण या सगळ्या धंद्यातलं मर्म तिथे आहे. जीपचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे अॅक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा. खडकाला, स्पीडब्रेकरला, खड्ड्याच्या काठाला घासतो तो तोच. आणि अॅक्सल बसलेला असतो चाकांवर. पाटे कितीही उचला, उचलली जाते ती चासी, बॉडी, सीट, काका. गोळा होता तिथेच. काकांनी जुनं माप डायरीत लिहून ठेवलं होतं. नवं माप घेतलं. दोन्ही सारखी. एवढ्या खर्चात जमिनीपासून ज्याची उंची वाढायला हवी होती, तो सोडून सगळ्याची वाढली होती.

काका बराच वेळ जीपखालीच राहिले. वॉचमन येऊन विचारून गेला, चहा आणू का.

गोळा वर न्यायचा एकच मार्ग, मोठे टायर. मूळचे होते सहाशे-सोळा, व्यासाने साधारण एकोणतीस इंच. काकांनी एकतीस इंची घेतले. व्यासात दोन वाढले, अॅक्सल उचलला गेला एकच. हा हिशेब शॅकलच्या वेळीच पाठ झाला होता, त्यामुळे यावेळी कुणी हळहळलं नाही. टायर मोठे झाले म्हणून चढावर इंजिन धापा टाकू लागलं. आणि स्पीडोमीटर मोजतो चाकाचे फेरे, त्याला टायर बदलल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. गाडी साठने जात असताना काटा छप्पन्नवर. साहजिकच, पूर्वी साठला येणारी थडथड आता छप्पन्नला येऊ लागली. "आजार वाढला," काका म्हणाले. मी त्यांना गणित मांडून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मिस्त्रीला फोन लावून सांगितलं, आजार वाढला.

काकूंचा भाग वेगळाच. लग्नानंतर पहिल्यांदा त्या या जीपमध्ये बसल्या तेव्हा पदर सावरून सहज चढल्या होत्या. आता गुडघे दुखतात आणि जीप उंच. म्हणून पायरी बसवली. पायरी काकूंच्या पायाला पोचायची तर चासीच्या बरीच खाली यायला हवी, आणि तेवढी खाली आणली की ती स्पीडब्रेकरला घासते. ज्या अडचणीवर उपाय म्हणून गाडी वर केली, ती अडचण नव्या पायरीने परत आणून दिली, तीही दोन्ही बाजूंना. मग पायरी काढली आणि निळं प्लास्टिकचं स्टूल आलं. काकू चढल्या की वॉचमन स्टूल मागच्या सीटखाली सरकवतो. उतरायचं असेल तिथे काका स्वतः उतरून, वळसा घालून, स्टूल ठेवतात. दादरच्या लग्नात हॉलच्या दारात हे झालं तेव्हा नवऱ्या मुलाची मोटार मागे थांबून होती आणि बँडवाल्यांनी चुकून सुरुवात केली.

इमारतीच्या पार्किंगमध्ये तुळईखालून सांडपाण्याचा पाइप जातो. जुन्या उंचीला जीपचं हूड त्याच्याखालून जेमतेम जायचं. आता पाइपने हुडावर एक रेघ ओढली आणि हुडाने पाइपवर एक. सेक्रेटरींनी नोटीस लावली, "सभासदांनी आपापल्या वाहनांची उंची पूर्वपरवानगीशिवाय वाढवू नये." सर्वसाधारण सभेत एका सभासदाने एफएसआय शिल्लक नसताना हे बांधकाम झालंच कसं, असा मुद्दा काढला. दुसऱ्याने वरच्या मजल्याचा हक्क कुणाचा, हे विचारलं. मुंबईत उंचीचा विषय निघाला की माणसं आपोआप या भाषेत बोलतात.

कायद्याचं अंग सेक्रेटरींच्या भाच्याने उलगडलं. तो दिंडोशी कोर्टात वकिली करतो आणि अशिलापेक्षा शेजाऱ्यांना जास्त सल्ला देतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने दिलेलं मूळ स्वरूप आणि नोंदणीतला तपशील जुळेनासा होईल असे बदल करायचे नाहीत. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतलं १८२-अ हे कलम तर मालकालाच धरतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

"दर बदलाला?" काकांनी विचारलं.

"दर बदलाला."

काकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पाटे, टायर, शॉकअप, होज, पाचर. डाव्या हाताची बोटं संपल्यावर त्यांनी विचारलं, "स्टूल धरतात का?"

पुढे त्यांनी बचाव तयार केला आणि तो मला वाटतं तितका पोकळ नाही. पाटे तीस वर्षांत दीड इंच बसले होते, तर वाढवलेल्या उंचीतला तेवढा भाग हा बदल नव्हे, परतफेड आहे. वाद उरतो तो वरच्या अर्ध्या-पाऊण इंचाचा. भाचा म्हणाला, मुद्दा चांगला आहे, कोर्टात मांडायला आवडेल. काकांना मात्र तो मुद्दा कोर्टात नकोच होता.

राहता राहिला प्रश्न, ही उंच जीप न्यायची कुठे. मागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, पण तिथे वाट सोडून जायचा अधिकार फक्त बिबट्याला. डोंगर चढावा म्हटलं तर त्याच्या पोटातून मुलुंडकडे ४.७ किलोमीटरचा जुळा बोगदा निघालाय, म्हणजे चढायलाही कारण उरायचं नाही. गोव्यात भर पावसात चिखलातून जीपा नेण्याची रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा २०१४पासून होते. काका तिचे व्हिडिओ जेवताना बघतात. कुणी विंचने झाडाला दोर बांधून ओढतोय, कुणी छातीभर पाण्यात उभा राहून हसतोय. "पुढच्या वर्षी," असं ते म्हणतात आणि काकू आमटी वाढतात.

मध्ये फिल्म सिटीतून एक माणूस जीप भाड्याने बघायला आला. मालिकेत ऐंशीच्या दशकातला फौजदार दाखवायचा होता. चारही बाजूंनी बघून झाल्यावर तो म्हणाला, गाडी मस्त आहे, पण त्या काळी एवढी उंच जीप नव्हती हो. नट उतरताना पडेल. तीस वर्षं मूळ स्थितीत उभी होती तेव्हा कुणी आलं नव्हतं.

पण सगळा पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. ओबेरॉय मॉलच्या सिग्नलला मी एकदा काकांशेजारी बसलो होतो. बाजूला थार आली. काच खाली झाली. मुलगा वाकून चाकांकडे, पाट्यांकडे बघत होता, आणि त्याची नजर यावेळी खालून वर येत होती.

"अंकल, कितना लिफ्ट है?"

"दोन इंच," काका म्हणाले. मागच्या गोण्यांचा उल्लेख त्यांनी केला नाही.

मग नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, आणि गाडी उंच करणाऱ्या पंथातले सगळे लोक त्या दिवसासाठी काय करतात हे काकांना ठाऊक होतं. दिवाणाखालून जुने पाटे निघाले. जुने टायर निघाले, जुने शॉकअप निघाले, पाचर काढली. परिवहन कार्यालयात तपासणी झाली, शिक्का बसला.

परत येताना काका गप्प होते. स्टिअरिंग सरळ होतं आणि गाडीही सरळ. काटा साठवर गेला तरी काही हललं नाही. स्पीडब्रेकरवर जीप नुसती डुलली. घरी आल्यावर ती पाइपखालून कुठेही न घासता आत गेली, आणि संध्याकाळी काकू स्टुलाशिवाय चढून बसल्या व म्हणाल्या, "आता कशी शहाण्यासारखी चालते." काकांनी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नवे पाटे परत चढवायचे का हे विचारायला गॅरेजवर गेले. मी सोबत होतो. मिस्त्रीने हात पुसले आणि म्हणाला, पाटे राहू द्या काका, त्यांच्या नादाला लागू नका. चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे टाकू. बॉडी लिफ्ट. शाफ्ट नाही, ब्रेक नाही, कॅस्टर नाही, काहीच बिघडत नाही.

"आणि खालचा गोळा?" मी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

"एकच इंच टाकू," काका म्हणाले.

"एक में दिखता नहीं, काका," मिस्त्री म्हणाला.